राउटर बंद करून चालू केला, पण बिघाड कळला का?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला आहे. घरचं नेट सारखं जाणं, आणि ते गेलं की आपण काय करतो, याबद्दल थोडं लिहायचं आहे. तुम्ही म्हणाल, मॅडम आता राउटर दुरुस्त करायला निघाल्या का? तसंच समजा. पण शेवटी मी वर्गातच येणार आहे.

झालं असं. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. आमच्या शाळेत रेंज नाही, त्यामुळे ऑनलाइन कामं घरी आणायची ही नेहमीची तऱ्हा. (घरचं नेट, घरचा लॅपटॉप, घरची लाईट. याचं बिल कुणाला दाखवायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) अकरा मुलांचे अर्ज होते. सात झाले. आठव्याला सेव्ह दाबलं आणि गोल फिरत राहिलं. राउटरकडे पाहिलं तर लाल दिवा. उठले, बटण बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. तीन मिनिटांनी नेट आलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, पुन्हा आठवा अर्ज पहिल्यापासून. अर्धा झाला आणि परत लाल दिवा. असं चार वेळा झालं. शेवटी सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा मोबाईल घेऊन गच्चीवर गेले, हॉटस्पॉट लावला आणि साडेबाराला अकरावा अर्ज भरला. त्या घाईत एका मुलीच्या आडनावात चूक झाली, तिच्या दुरुस्तीसाठी नंतर मला तीन वेळा धावपळ करावी लागली. मुलीची काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनला फोन केला. उत्तर तुम्हाला पाठ असेलच. "मॅडम, एकदा राउटर बंद करून चालू करा." केला. "आता आलं ना नेट?" आलं. "ठीक आहे मॅडम, तक्रार बंद करतो." आणि संध्याकाळी पुन्हा लाल दिवा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. बंद करून चालू करणं वाईट नाही. कधीकधी राउटरमधला प्रोग्राम खरंच अडकतो, कंपनीच्या सर्व्हरशी असलेला त्याचा संबंध तुटून तसाच राहतो, मग नव्याने सुरू केल्यावर गाडी रुळावर येते. एखाद्या वेळेस करून बघायला हरकत नाही. पण रोज एकाच वेळी, आठवड्यातून पाच वेळा नेट जात असेल आणि आपण रोज बटण दाबत असू, तर आपण दुरुस्ती करत नाही, नुसता वेळ काढतो आहोत. शिवाय त्यातून एक चुकीचा समज पक्का होतो. बटण दाबलं, नंतर नेट आलं, म्हणजे बटणामुळे आलं. राउटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बिघाड आपोआप गेलेला असू शकतो. त्या रात्री मी बटण दाबलं नसतं तरी नेट तीन मिनिटांनी आलं असतं का, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. विज्ञान शिकवणारी मी!

याच्याही पुढची पायरी म्हणजे वैतागून नवा राउटर आणणं. आमच्या केंद्रातल्या एका सरांनी तेच केलं. नवा आणला, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी तेच. त्यांचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता आणि नवाही त्यांनी तिथेच ठेवला होता. लोखंडी पत्रा वायफायच्या लहरी अडवतो. राउटर कपाटावर उघड्यावर ठेवल्यावर जुनासुद्धा नीट चालला. पैसे गेले ते गेले.

आता मूळ मुद्दा. "नेट गेलं" हे वाक्यच फसवं आहे. "सर, माझं पोट दुखतंय" असं म्हणणाऱ्या मुलासारखं. भूक लागली असेल, खरंच दुखत असेल किंवा गणिताचा तास असेल. नेटच्या वाटेत बरीच ठिकाणं असतात. मोबाईल किंवा लॅपटॉप, त्यानंतर हवेतलं वायफाय, मग राउटर, राउटरला वीज देणारा अडॅप्टर, भिंतीपर्यंतची बारीक फायबर केबल, तिथून खांबावर, खांबावरच्या डब्यात एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा स्प्लिटर, मग ऑपरेटरचं कार्यालय, आणि पुढे सगळं जग. यातला एक दुवा सैल झाला तरी आपल्या तोंडी एकच वाक्य, नेट गेलं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा, कुठपर्यंत पोचतंय? त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. घरातल्या एकाच मोबाईलवर नेट नाही आणि बाकीच्यांवर आहे? मग दोष त्या मोबाईलमध्ये. सगळ्यांवर नाही? मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. बऱ्याच राउटरांचा तो १९२.१६८.१.१ असतो, पक्का पत्ता राउटरच्या मागच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. ते पान उघडलं तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, बिघाड पुढे आहे. पान उघडलंच नाही तर बिघाड वायफायमध्ये किंवा राउटरमध्ये. लॅपटॉपला वायर लावून पाहायची. वायरने चालतं आणि वायफायने नाही, म्हणजे कंपनीला फोन करून उपयोग नाही, भांडण घरातलंच आहे.

वायफायचंही थोडं समजून घेऊ. २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्या साधारण असतात. पहिली लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. या पट्टीत १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. दुसरी वेगवान, पण दोन भिंतींनंतर दमते. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी राउटरशेजारी बसताना ५ वापरावी. वाड्यात किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरात २.४ बरी. आणखी एक, व्हॉट्सअॅप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, असं कधी झालं तर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसवर संशय घ्यायचा. सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहता येतं.

पण आमच्याकडे हे काहीच नव्हतं. आमच्याकडे लाल दिवा होता, आणि त्या दिव्याखाली नाव लिहिलेलं होतं, एलओएस. इतके दिवस तो दिवा आम्ही "लाल" एवढाच पाहत होतो. वाचला कुणीच नव्हता! वर्गात "चित्राचे निरीक्षण कर, खाली काय लिहिले आहे ते वाच" असं रोज सांगणारी मी, माझ्याच घरातल्या डबीवरची तीन अक्षरं वाचत नव्हते. एलओएस म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाही. त्याच्या शेजारी पीओएन नावाचा दिवा असतो. तो स्थिर हिरवा असेल तर ऑपरेटरशी जोडणी झालेली आहे, लुकलुकत असेल तर जोडणीचा प्रयत्न चालू आहे. हे दोनच दिवे वाचता आले तरी निम्मं काम होतं. एलओएस लाल असेल तर वायफायचा पासवर्ड बदलून, मोबाईल बंद-चालू करून, राउटर हलवून काहीही होणार नाही.

आता बिघाड फायबरच्या बाजूला आहे एवढं कळलं. पण कुठे? इथे माझ्या चौथीतल्या मुलाने मदत केली. शाळेत आम्ही हवामानाचा तक्ता भरतो ना, तसा त्याने नेटचा तक्ता केला. जुन्या वहीत चार रकाने आखले. वार आणि वेळ, कोणता दिवा लाल, घरात तेव्हा काय चालू होतं, नेट परत कधी आलं. आणि मी एक कडक नियम केला, दहा मिनिटं कुणीही बटणाला हात लावायचा नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं. अण्णांची मालिका मोबाईलवर चालू असते, पहिल्या दिवशी ते चांगलेच चिडले. "अहो अण्णा, दहाच मिनिटं," असं म्हणत काढली.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, बटण न दाबताही नेट बहुतेक वेळा परत येत होतं. म्हणजे आमच्या बटणाचं सगळं श्रेय खोटं होतं. दोन, सकाळी एकही नोंद नाही. सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकराच्या मधल्या.

माझा पहिला अंदाज विजेवर होता. संध्याकाळी गल्लीत सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी चालू होतात, व्होल्टेज पडतं, अडॅप्टर जुना झाला असेल तर राउटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. अंदाज चांगला होता. पण चुकीचा होता. कारण तसं असतं तर सगळेच दिवे विझून पुन्हा लागले असते, आणि वहीत तर प्रत्येक वेळी "फक्त एलओएस लाल, पॉवर चालू" असं लिहिलेलं. वही नसती तर मी नक्कीच नवा अडॅप्टर आणला असता. (ज्यांचे सगळे दिवे विझतात त्यांनी मात्र अडॅप्टर तपासावा. राउटरच्या मागे लिहिलेल्या व्होल्टइतकाच अडॅप्टर हवा. घरात सापडला तो लावला असं करू नये.)

दुसरा अंदाज, ऑपरेटरकडेच लाईट जात असेल. शेजारच्या काकूंकडे तेच कनेक्शन आहे. मुलगा दोन दिवस लाल दिवा लागला की पळत जाऊन विचारून यायचा, "काकू, तुमचं नेट आहे का?" आहे. दोन्ही दिवस आहे. मग ऑपरेटरही सुटला. दोष आमच्या घरच्या केबलमध्ये.

आणि उत्तर वहीच्या तिसऱ्या रकान्यात होतं. मुलाने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं. "टीव्ही चालू. आई भाकरी करते. अण्णांनी खिडकी लावली." दुसऱ्या दिवशी, "आई पोर्टल करते. खिडकी लावली." एका रविवारी संध्याकाळी पाहुणे होते, खिडकी उघडीच राहिली होती, त्या दिवशी एकही नोंद नाही. आमची फायबर केबल घरात येते ती हॉलच्या सरकत्या खिडकीच्या फटीतून. केबल टाकणाऱ्या मुलाने भिंतीला भोक पाडायचा त्रास वाचवला होता आणि आम्हीही भिंत वाचली म्हणून खूश होतो. डास यायला लागले की अण्णा साडेसहाला खिडकी घट्ट ओढतात. खिडकीची चौकट केबलला चिमटा काढते. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. प्रकाश तिच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो, पण ती जिथे तीव्र वाकते तिथे काही प्रकाश बाहेर निसटतो. वारा आला की खिडकी थरथरते, चिमटा कमी-जास्त होतो, म्हणून नेट जातं-येतं.

खात्री करायला आम्ही एकच गोष्ट बदलली. खिडकी. तीन संध्याकाळी उघडी ठेवून पडदा आणि मच्छरदाणी. एलओएस एकदाही लाल नाही. चौथ्या दिवशी मुद्दाम घट्ट लावली. वीस मिनिटांत लाल. मुलगा नाचायला लागला, नेट गेलं म्हणून आनंद झालेला आमच्या घरातला पहिला माणूस!

मग पुन्हा तक्रार केली. या वेळी "नेट सारखं जातं" असं नाही सांगितलं. "खिडकी बंद केली की एलओएस लाल होतो, केबल चिमटली जाते, मीटर घेऊन या" असं सांगितलं. फरक लगेच जाणवला. येणारा मुलगा मीटर घेऊनच आला. खिडकी उघडी असताना प्रकाशाचं माप उणे २२ डीबीएमच्या आसपास, घट्ट लावल्यावर उणे २९. हे आकडे उलटे वाचायचे, उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी. दर ३ ने घसरलं की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे ७ ने घसरल्यावर साधारण पाचवा भागच उरला. घरचे राउटर साधारण उणे २७ पर्यंत तग धरतात. त्याने भिंतीला भोक पाडलं, केबलचं चिमटलेलं टोक कापून नवं हिरवं कनेक्टर बसवलं. अर्ध्या तासाचं काम. "मॅडम, आधीच असं सांगितलं असतं तर," असं तो म्हणाला. मी म्हटलं, दादा, आधी कुणी विचारलंच नाही. मला खरंच राग आला होता, पण त्या मुलावर काढून काय उपयोग, त्याला रोज किती घरं फिरायची असतात देव जाणे.

एक सूचना इथेच देऊन टाकते. फायबरचं टोक काढून त्यात डोकावून पाहू नका आणि मुलांनाही पाहू देऊ नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे काही नाही असं वाटतं. आणि राउटरमागच्या बारीक भोकात पिन घालून दाबायचं जे रीसेट असतं, ते म्हणजे बंद-चालू नव्हे. त्याने कंपनीने भरून दिलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत नेट नाही. आमच्या ग्रुपवर एक ताई हे करून बसल्या होत्या.

तक्रारीबद्दलही माझं ठाम मत आहे. फोनवर "आता आलं ना?" विचारलं की आपण "हो" म्हणतो आणि तक्रार तिथेच संपते. तसं म्हणू नका. येणं-जाणं हाच बिघाड असेल तर नेट आत्ता चालू असण्याला काही अर्थ नाही. "एक दिवस पाहून सांगते, तोवर तक्रार उघडी ठेवा" असं म्हणा. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे हा नंबर लागतो. आणि तुमच्याकडे नोंदवही असेल तर तुमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलते, हा माझा अनुभव आहे.

आता वर्गाकडे. हे सगळं झाल्यावर मला माझं शिकवणं आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, मग मी काय करते? पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवते. बंद करून चालू. पुढच्या दिवशी येते, आठवड्याने पुन्हा लाल दिवा. पायरीपायरीने पाहिलं तर कधी त्याला दशक सुटं करणं कळलेलं नसतं, कधी शून्यावर अडतं, कधी नुसते अंक एकाखाली एक लिहिलेले नसतात. हे तीन वेगळे बिघाड आहेत. पायाभूत चाचणीचे गुण आपण भरतो, पोर्टलवर टाकतो, पण मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडलं हे लिहायला रकाना कुठे असतो? तो आपल्या वहीत आपणच आखायला हवा, असं माझं मत आहे.

मी चौथीच्या वर्गात एक खेळ घेतला. आठ मुलं ओळीत उभी केली. पहिला मोबाईल, दुसरा वायफाय, मग राउटर, केबल, खांब, डबा, ऑपरेटर, आणि शेवटची मुलगी वेबसाइट. चिठ्ठी एकाने दुसऱ्याला द्यायची. एकाच्या कानात मी सांगितलं, तू चिठ्ठी घ्यायची नाहीस. कोण ते समोर बसलेल्यांनी शोधायचं, फक्त एवढंच विचारून की चिठ्ठी अमक्याच्या हातात पोचली का. पहिल्यांदा मुलांनी एकेकाला विचारलं, सात प्रश्न लागले. तिसऱ्या डावात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, म्हणाली, "बाई, मधल्यालाच विचारू ना आधी." मधल्याला पोचली असेल तर दोष पुढच्या चौघांत, नसेल तर पहिल्या चौघांत. मग त्या चौघांचे दोन-दोन, मग एक. आठ जणांत तीन प्रश्नांत चोर सापडला. हे मी सांगितलं नव्हतं. सांगणार होते, पण तिने आधीच सांगितलं.

परिसर अभ्यासात किंवा कार्यानुभवात हा खेळ सहज बसतो. राउटर लागत नाही, नेटही लागत नाही, शाळेत रेंज नसली तरी चालतं. ज्यांच्या घरी नेट नाही अशा मुलांसाठी मी नळाची ओळ केली. टाकी, व्हॉल्व्ह, गल्लीतला पाइप, घरचा नळ. उन्हाळ्यात पाणी का येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. एकाने तर सांगितलं, "बाई, आमच्या इथं व्हॉल्व्ह सोडणारा काका झोपतो." तोही दुवाच. तक्त्यात लिहून घेतला.

पुढच्या महिन्यात हाच खेळ सायकलच्या साखळीवर आणि बॅटरी-बल्बच्या सर्किटवर घेणार आहे. सेल संपला, तार सुटली की बल्ब गेला, हे प्रत्येक गटाने एका वेळी एकच वस्तू बदलून शोधायचं. तक्त्याचे चार रकाने तेच ठेवणार आहे. अण्णांची खिडकी आता घट्ट लागते, फक्त डास तरीही येतातच.